बिघाडाला जमाना जबाबदार नसतो

नवी मुंबईत वाशी स्टेशनसमोरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गाळ्यांमध्ये किंवा कोपरखैरण्यातल्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडे बंद पडलेला गेमिंग कन्सोल घेऊन जा. मशीन उघडण्याआधीच दोन वाक्यं कानावर येतात. ‘पूर्वीच्या मशीन मजबूत होत्या, आता सगळं तकलादू.’ आणि ‘खाडीची हवा आहे, दमट आहे, इथे काहीच टिकत नाही.’ हीच वाक्यं चाळिशीतले बाप मुलांना ऐकवतात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहितात, आणि ऐकणारा मान डोलावतो. मला ही दोन्ही वाक्यं मान्य नाहीत. पहिलं इतिहासाला धरून नाही. दुसरं अर्धं खरं आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो: पन्नास हजारांच्या घरातली वस्तू बंद पडते आणि ती बनवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

आधी ‘पूर्वीच्या मजबूत मशीन’ पाहू. नव्वदच्या दशकात सिडकोच्या वसाहतींमध्ये दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत जो ‘टीव्ही गेम’ खेळला गेला, तो बहुतेक घरांत निन्टेंडोचा नव्हताच. जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलेल्या फॅमिकॉमच्या त्या नकला होत्या. मायक्रो जीनियस, लिटल मास्टर, मीडिया अशा नावांनी त्या विकल्या गेल्या. त्यातला एखादा खोका आजही माळ्यावर सापडतो, अडॅप्टर लावला की चालतो, आणि ‘बघा, तीस वर्षं झाली’ म्हणून तो पुरावा म्हणून दाखवला जातो.

हा खोका उघडून पाहिला तर त्याच्या दीर्घायुष्याचं कारण लगेच दिसतं. आत हाताच्या पंजाएवढा बोर्ड, त्यावर काळ्या राळेच्या थेंबाखाली झाकलेली चिप, एक व्होल्टेज रेग्युलेटर आणि बाकी मोकळी जागा. पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही, लेझर नाही, हार्ड डिस्क नाही. वीज खायची ती दहा वॅटसुद्धा नाही. आजचा प्लेस्टेशन ५ मोठा गेम चालवताना दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो आणि तितकीच उष्णता बाहेर टाकतो. जो यंत्रभाग तापतच नाही तो टिकला, यात बनवणाऱ्याचं कौशल्य फारसं नाही. त्या काळ्या थेंबाखालची चिप गेली तर कोणालाही ती दुरुस्त करता येत नसे. मशीन सरळ भंगारात जाई. आपल्याला आज दिसतात त्या फक्त वाचलेल्या मशीन. भंगारवाल्याच्या गाडीवरून गेलेल्या कोणी मोजल्या नाहीत.

आणि त्या बिघडत नव्हत्या हे तर मुळीच खरं नाही. कंट्रोलरची वायर मानेपाशी तुटायची, अडॅप्टर जळायचा, कॅसेट लागायची नाही. कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारणं हा आमच्या पिढीचा सार्वत्रिक उपाय होता. फुंकरीने काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवली की पिनांचा स्पर्श नव्याने जुळे आणि गेम सुरू होई. तोंडातली वाफ मात्र त्या तांब्याच्या पट्ट्यांवर बसून त्यांना गंजवत असे. खोडरबरने पट्ट्या घासणारा जुना टीव्ही मेकॅनिक फुंकर मारणाऱ्या पोरांपेक्षा शहाणा होता.

अस्सल निन्टेंडोचंच उदाहरण घ्या. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता आणि तिथले दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हा शब्दही ऐकायला तयार नव्हते. म्हणून १९८५ मध्ये तिथे नेलेल्या मशीनला व्हीसीआरसारखं रूप दिलं: पुढून झाकण उघडा, कॅसेट आत सरकवा, खाली दाबा. या दिखाव्यासाठी ७२ पिनांचा एक स्प्रिंगवजा कनेक्टर बनवावा लागला. त्याच्या पिना वाकायच्या, ढिल्या पडायच्या. शिवाय नकली कॅसेट अडवण्यासाठी आत बसवलेल्या चिपला नीट संपर्क मिळाला नाही की ती मशीन पुन्हा पुन्हा रीसेट करायची आणि पडदा लुकलुकत राहायचा. १९९३ मध्ये निन्टेंडोने वरून कॅसेट लावायचं नवं मॉडेल काढलं, ती पहारेकरी चिप त्यातून वगळली, आणि दोन्ही तक्रारी जवळपास संपल्या. आमच्या नकली मशीनमध्ये कॅसेट पहिल्यापासून वरूनच लागायची, म्हणून त्या या रोगातून सुटल्या. म्हणजे तंत्रज्ञान तेच, काळ तोच, फक्त रचनेचा एक निर्णय वेगळा.

अशी उदाहरणं थोडी नाहीत. सेगाचा १९९० चा हातातला गेम गिअर घ्या: त्यातले कॅपॅसिटर कालांतराने गळतात, हे इतकं सार्वत्रिक आहे की जुना गेम गिअर विकत घेणारा कॅपॅसिटर बदलण्याचा खर्च धरूनच चालतो. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळ चालू ठेवणारा एक कॅपॅसिटर आहे. तो गळून खालच्या बोर्डाच्या तारा खातो, मशीन कपाटात नुसतं पडून असलं तरीही. पहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या मॉडेलांत लेझरची घसरपट्टी प्लास्टिकची होती. ती झिजून लेझर कलायचा आणि लोक मशीन उलटं ठेवून गेम चालवायचे. आखाती युद्धात होरपळूनही चालू राहिलेला गेम बॉय निन्टेंडोने न्यूयॉर्कच्या आपल्या दुकानात वर्षानुवर्षं मांडून ठेवला होता, ही गोष्ट खरी आहे आणि ती मलाही आवडते. पण तो एक नग. त्याच गेम बॉयच्या पडद्यावर उभ्या रेषा मेल्याची तक्रार जगभरातल्या संग्राहकांना पाठ आहे, कारण पडद्याला जोडणाऱ्या पट्टीची चिकटण सुटते.

आता ज्या बिघाडाने ‘नवं तकलादू’ ही समजूत पक्की केली, त्याकडे येतो. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आणि २००६ मध्ये भारतात आला. अक्षय कुमार आणि युवराज सिंग त्याच्या जाहिरातीत होते. नवी मुंबईतल्या आयटीत नोकरीला लागलेल्या पहिल्या पिढीने पगारातून घेतलेली ही पहिली मोठी चैन होती. आणि मग पॉवर बटणाभोवती तीन लाल दिवे लागू लागले. लोकांनी मशीन टॉवेलमध्ये गुंडाळून तापवली, बोर्डांचं पुन्हा सोल्डरिंग केलं, काहींची काही दिवस चालली, पुन्हा बंद पडली.

दोष शिशाला दिला गेला. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आणले, कंपन्या शिसेरहित जोडणीकडे वळल्या, ती ठिसूळ निघाली, म्हणून मशीन गेल्या, असं आजही सांगितलं जातं. पण निन्टेंडोचा वी कन्सोल त्याच काळातला, त्याच निर्बंधांखाली विकला गेलेला. तो काही असा घाऊक मेला नाही. एक्सबॉक्स ३६० मध्ये डीव्हीडी ड्राइव्ह ग्राफिक्स चिपच्या अगदी वर बसवला होता, त्यामुळे त्या चिपला उष्णता काढणारा धातूचा ठोकळा बुटका द्यावा लागला. चिप तापे, मशीन बंद केलं की थंड होई, पुन्हा तापे. या तापण्या-निवण्याने चिपच्या आवरणाच्या आतले सूक्ष्म जोड तुटत होते. हे मायक्रोसॉफ्टनेच २०२१ च्या आपल्या माहितीपटात सांगितलं. तोवर जुलै २००७ मध्ये कंपनीला हमी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली होती आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली होती. त्यानंतर काय झालं ते पाहण्यासारखं आहे. चिप लहान झाल्या, उष्णता कमी झाली, आणि २००८ अखेरच्या आणि २०१० च्या मॉडेलांत हा रोग जवळपास उरला नाही. तेच नाव, तेच गेम, तोच जमाना. पैसे कंपनीच्या खिशातून जाऊ लागल्यावर रचना सुधारली.

दोष जमान्याला दिला की निर्णय घेणारा सुटतो, हा माझा मुख्य आक्षेप आहे. वरचा प्रत्येक बिघाड तारीख, भाग आणि निर्णय यांनी दाखवता येतो, आणि प्रत्येकाला त्याच काळात दुसरा पर्याय उपलब्ध होता.

दुसरं वाक्य हवेबद्दलचं. इथे मी आधी कबूल करतो की हवा वाईट आहे. जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते. ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलातून येणारा वास मुख्यतः गंधकाच्या वायूंचा असतो, आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या रात्रीच्या वासाबद्दल वाशी-कोपरखैरण्याचे रहिवासी वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. गंधकाचे वायू आणि दमटपणा एकत्र आले की तांबं आणि चांदी काळी पडते, आणि सर्किट बोर्डावर नेमक्या याच दोन धातूंवर भिस्त असते.

पण ही गोष्ट कोणाला माहीत नाही असं नाही. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. अशा इमारतींसाठी अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने केव्हाच मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आहे: खोलीत तांब्याची आणि चांदीची पट्टी ठेवा, महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉम आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर चढला तरच हवा यंत्रांसाठी सुरक्षित समजा, नाहीतर वायू गाळा. म्हणजे ज्या हवेत सर्व्हर ठेवायचे तिचं मोजमाप आहे, उपाय आहे, खर्चाची तरतूद आहे. त्याच हवेत, घणसोलीच्या वन बीएचकेमध्ये, टीव्हीखाली ठेवलेल्या मशीनच्या वाट्याला काय येतं? माहितीपुस्तिकेतली एक ओळ: वापर ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात करावा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बंद कपाटाच्या आत हा आकडा सहज ओलांडला जातो.

‘परदेशी मशीन, त्यांना आपली हवा काय माहीत’ हेही ऐकू येतं. सोनी आणि निन्टेंडो जपानच्या आहेत. टोकियो आणि क्योटोत जून-जुलैमध्ये पावसाळी दमटपणाचा हंगाम असतो आणि ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीपुढे जातो. दमटपणा आणि उकाडा यांची ओळख करून द्यायला त्यांना कोकणात यायची गरज नाही.

चांगली रचना झाली तर फरक पडतो हेही दिसलेलं आहे. प्लेस्टेशन ४ चा वीजपुरवठा आत होता, उबदार होता आणि त्याच्या झरोक्यांतून झुरळं सहज आत शिरत. अमेरिकेतल्या दुरुस्तीवाल्यांनीही हीच तक्रार केली होती. प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने बाजूचे पांढरे पॅनेल हाताने काढता येतील असे केले आणि आत धूळ साठवणारे दोन कप्पे दिले, ज्यांच्या छिद्रांतून व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढता येते. साठवण वाढवायची खाच त्याच पॅनेलखाली आहे, तिच्यात बाजारात मिळणारा वेगवान एसएसडी बसतो. याबद्दल सोनीची तारीफ करायलाच हवी. एक्सबॉक्स सीरीज एक्सने दुसरी वाट धरली: उभा खोका, तळातून हवा घेणारा आणि माथ्यावरच्या एकाच १३० मिलिमीटरच्या पंख्याने बाहेर टाकणारा. उष्णतेच्या बाबतीत मला ही रचना अधिक सरळ आणि शांत वाटते. पण जागा वाढवायची तर खास त्याच्यासाठी बनवलेलं कार्ड घ्यावं लागतं, आणि घरच्या घरी धूळ काढायची सोय नाही. निवड करायची झाली तर आपल्या शहरात मी प्लेस्टेशन ५ ला झुकतं माप देईन, आणि तेही फक्त त्या सहज निघणाऱ्या पॅनेलसाठी.

मात्र प्लेस्टेशन ५ च्याच पोटात प्रोसेसर आणि उष्णताशोषकाच्या मध्ये द्रवरूप धातू आहे. उष्णता वाहून न्यायला तो उत्तम, पण तो विजेचा वाहक आहे आणि त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला खातं. म्हणजे पंख्याच्या पलीकडे हात घालायचा तर कारागीर प्रशिक्षित हवा. ते प्रशिक्षण, ते सुटे भाग कोपरखैरण्याच्या गाळ्यापर्यंत कसे पोचणार, याचं उत्तर रचनेच्या सोबतच यायला हवं होतं.

हवेचा युक्तिवाद जिथे पूर्णपणे गळून पडतो ती जागा म्हणजे कंट्रोलरची काडी. ‘ड्रिफ्ट येतं’ ही तक्रार आज प्रत्येक गेमिंग पार्लरमध्ये ऐकू येते: बोट लावलेलं नसताना पडद्यावरचा माणूस आपोआप चालू लागतो. कारण साधं आहे. काडीच्या बुडाशी कार्बनच्या पातळ थरावर धातूची टोकं घासतात आणि थर झिजतो. यंत्रं सुटी करून दाखवणाऱ्या आयफिक्सिटने २०२१ मध्ये भाग बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या २० लाख फेऱ्यांच्या आयुष्यावरून हिशेब केला, तेव्हा झपाट्याचा गेम खेळणाऱ्याच्या हातात प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरची काडी चारशेच्या आसपास तासांत ती मर्यादा गाठते असं निघालं. निन्टेंडोच्या अध्यक्षांना जून २०२० मध्ये स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरबद्दल जाहीर माफी मागावी लागली. यात खाडी, दमटपणा, काहीही नाही.

आणि पर्याय? चुंबकाने स्थिती ओळखणारी, न घासणारी काडी सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये दिली होती. पंचवीस वर्षांहून अधिक काळ माहीत असलेला उपाय मोठ्या कंपन्यांनी आपल्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये घेतला नाही. सोनीने २०२३ मध्ये काडीचा भाग बदलता येईल असा कंट्रोलर काढला, पण तो साध्याच्या कितीतरी पट महाग. झिजणारा भाग सुटा असणं ही श्रीमंतांची सोय ठरवली गेली. हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

तशीच गोष्ट एचडीएमआयच्या खोबणीची. मुलाने वायर ओढली, पिना वाकल्या, चित्र गेलं. खोबण मुख्य बोर्डालाच सोल्डर केलेली असते, म्हणून स्वस्त भागासाठी महागड्या बोर्डावर हात टाकावा लागतो. आणि बऱ्याच मशीनमध्ये डिस्क ड्राइव्ह तर कारागिराच्या हाताबाहेरच ठेवला आहे. अशा मशीनमध्ये ड्राइव्हचा छोटा बोर्ड मुख्य बोर्डाशी सांकेतिक जोडीने बांधलेला असतो. दुसऱ्या मशीनमधला, अगदी नवा, चालू ड्राइव्ह बसवला तरी डिस्क चालत नाही.

कंपन्या म्हणतात, हे चोरी रोखण्यासाठी आहे. नकली डिस्क चालल्या तर गेम बनवणारे बुडतील. चिंता खरी आहे. नव्वदच्या दशकातल्या नकली कॅसेटींच्या देशात ती कोणी खोटी म्हणू नये. पण तुटलेल्याच्या जागी तसाच ड्राइव्ह बसवणं म्हणजे चोरी नव्हे, आणि अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानेही ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरतं कुलूप ओलांडायला सूट दिली. जोडी पुन्हा जुळवायचं साधन अधिकृत नोंदणी असलेल्या स्वतंत्र कारागिरांना देता येतं. न देण्याचा परिणाम असा की मशीन टिकणं न टिकणं हे त्याच्या मजबुतीवर राहत नाही, कंपनीच्या मर्जीवर राहतं.

आपल्या कायद्यात या वस्तूची जागा विचित्र आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेम आणि हातातले कन्सोल स्पष्ट आहेत; फेकताना ती वस्तू सरकारच्या हिशेबात येते. दुरुस्त करताना येत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. मे २०२५ मध्ये त्याच विभागाने नेमलेल्या समितीने दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचा अहवाल दिला. तो सुरुवातीला स्मार्टफोन आणि टॅबलेटपुरता आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष रचनेबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारी तरतूद आहे, पण ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे. मशीनमुळे घर पेटलं तर दाद मागा, मशीनच गेलं तर ही तरतूद उपयोगी नाही. सदोष वस्तूची साधी तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. पण दोष प्रयोगशाळेत सिद्ध करायचा तर तपासणीचं शुल्क तक्रारदारालाच भरायला सांगितलं जाऊ शकतं. एका ग्राहकाने एका काडीसाठी हे करावं, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

म्हणून माझी मागणी ग्राहक व्यवहार विभागाकडे आहे. दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक फोन-टॅबलेटपलीकडे न्याल तेव्हा गेमिंग कन्सोल आणि त्यांचे कंट्रोलर त्यात घ्या. गुण देताना काडी सुटी बदलता येते का, एचडीएमआयची खोबण वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे का, ड्राइव्हची जोडी बाहेरच्या कारागिराला जुळवता येते का, धूळ मालकाला काढता येते का, आणि सुटे भाग भारतात किती वर्षं मिळणार, हे विचारा. आणि आकडा खोक्यावर छापायला लावा, पंख्याच्या आणि फ्रिजच्या ताऱ्यांसारखा, दुकानात पैसे देण्याआधी दिसेल असा.

तोवर वाचकांना एवढंच सांगतो: पुढच्या वेळी गाळ्यावर कोणी ‘जमानाच तसा’ म्हणालं तर मान डोलावू नका. कोणता भाग गेला, तो कशाने गेला आणि तो सुटा का मिळत नाही, हे विचारा, आणि ते उत्तर तक्रारीत लिहून कंपनीला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कळवा.